खुर्चीखाली वर्तमानपत्र कशाला? (मेलिएस आणि फ्रेंच मूकपटांतली जादू)

निमगावकर

फ्रेंच जादूगार आणि चित्रपटकार जॉर्ज मेलिएसचा १८९६ सालचा बाई गायब करण्याचा मूकपट काल परत पाहिला. जेमतेम सव्वा मिनिटाचा आहे, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी बघून या.

मेलिएस दारातून येतो, नटी झान द'आल्सीला हात धरून आणतो. जमिनीवर एक वर्तमानपत्र उलगडून पसरतो, त्यावर खुर्ची ठेवतो. बाई बसते, पंख्याने वारा घेते. तिच्यावर तो मोठं कापड टाकतो, ओढतो, आणि खुर्ची रिकामी! मग हवेत हातवारे करून बाईला बोलवायला जातो तर खुर्चीत सांगाडा. घाईघाईने सांगाड्यावर कापड टाकतो, बाई परत. दोघं लवून नमस्कार करतात.

मला अडलंय ते वर्तमानपत्रापाशी. मूळ खेळ ब्युआतिए द कोल्ता या जादूगाराचा, १८८६ सालचा. रंगमंचावर बाई खालच्या चोरदारातून जायची, म्हणून 'बघा, खाली दार नाही' हे पटवायला कागद अंथरायचा. सिनेमात चोरदार नाहीच. कॅमेरा थांबवला, बाई उठून गेली, कॅमेरा सुरू. मग कागद कशाला?

माझं मत: मेलिएस सिनेमा करतच नव्हता. जादूचा प्रयोग होता तसा उचलून कॅमेऱ्यापुढे ठेवला, कागदासकट. १९१२ पर्यंत त्याने थोड्याफार फरकाने तेच केलं. कॅमेरा एका जागी, समोर रंगमंच, पात्रं डावीकडून येणार आणि उजवीकडे जाणार. त्याला स्पेशल इफेक्टचा जनक वगैरे म्हणणं मला जरा जास्तच वाटतं. हाणा आता.

कांदेपोहे

ते शूटिंग पॅरिसजवळ मोंत्रईला त्याच्या बागेत, उघड्यावर झालंय. मागे दिवाणखान्याचा पडदा टांगलाय फक्त. खुर्चीचे पाय खराब होऊ नयेत म्हणून पेपर. कोडं सुटलं, धागा बंद करा.

सुमेधा_क

कांदेपोहे, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

कात्री

धागालेखकांनी 'कॅमेरा थांबवला, बाई उठून गेली, कॅमेरा सुरू' हे एका वाक्यात उरकलंय. माझा पोटापाण्याचा धंदाच संकलनाचा असल्याने थोडं सविस्तर टंकतो.

आधी ती प्रसिद्ध गोष्ट. पॅरिसच्या ऑपेरा चौकात मेलिएस रहदारी चित्रित करत होता, कॅमेरा अडकला, मिनिटभराने सुरू झाला. फिल्म धुऊन बघतो तर मादलेन-बास्तीय मार्गावरची घोड्यांची बस एकदम शववाहिनी झालेली, पुरुषांच्या बायका झालेल्या. ही गोष्ट त्याने स्वतःच १९०७ च्या लेखात लिहिली आहे. जादूगाराने सांगितलेली असल्यामुळे इतिहासकार ती चिमटीत धरूनच घेतात. शिवाय एडिसनच्या कंपनीने १८९५ मध्येच स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद याच युक्तीने दाखवला होता. तिथे नटाच्या जागी बाहुला ठेवला.

आता कामाचं. हाताने फिरवायचा कॅमेरा थांबवला की तो त्याच फ्रेमवर टचकन थांबत नाही. वेग मंदावतो, त्या शेवटच्या फ्रेमांवर जास्त उजेड पडतो. परत सुरू करताना तेच. म्हणजे दोन्हीकडच्या काही फ्रेमा पांढरट. त्या तशाच ठेवल्या तर डोळ्याला झटका बसतो आणि जादू उघडी पडते. मेलिएसच्या फिल्मी तपासल्यावर असं दिसलं की जिथे जिथे अदलाबदल आहे, तिथे तिथे कापून चिकटवल्याच्या खुणा आहेत. तो टेबलावर बसून, नेमकी फ्रेम निवडून कात्री लावत होता. याला आमच्यात एडिटिंग म्हणतात. 'नुसतं जादूचा प्रयोग चित्रित केला' म्हणणाऱ्याने ती कात्री आधी मोजावी.

टोपीतला_ससा

हौशी जादूगार, गणपतीत आणि वाढदिवसांना प्रयोग करतो. मी निमगावकरांच्या अर्ध्या बाजूने.

आमच्यात एक अलिखित नियम आहे. प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर, त्याच वेळी, त्याच जागी घडलं पाहिजे. तुम्ही समोर बसलाय, मी तुमच्या नाकासमोर फसवतोय, यात मजा. मी कॅमेरा थांबवून रुपया गायब केला तर माझा पुतण्यासुद्धा टाळी वाजवणार नाही. कॅमेऱ्यातली जादू ही जादू नव्हे, छपाई आहे.

पण मेलिएस होता जादूगारच, आणि पक्का. बाप पॅरिसमधला बुटांचा कारखानदार. १८८४ च्या सुमारास पोराला लंडनला धाडलं, तर हा तिथे इजिप्शियन हॉलमध्ये मॅस्केलिन आणि कूक या जादूगारांचे प्रयोग बघत बसला. १८८८ मध्ये धंद्यातला आपला वाटा भावांना विकून रोबेर-उदाँचं थिएटर विकत घेतलं. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: झां-एजेन रोबेर-उदाँ हा ब्लुआ गावचा घड्याळजी. जादूगाराच्या अंगावरचा झगा आणि टोकदार टोपी काढून त्याला संध्याकाळच्या बैठकीचे कपडे चढवणाऱ्यांत तो पहिल्या रांगेतला. हॅरी हुदिनीने आपलं नाव याच्यावरूनच घेतलं.

तर त्या थिएटरात चोरदारं, कप्पे, यंत्रं सगळं तयार होतं. कागदाबद्दल एक आतली गोष्ट: रंगमंचावरच्या खेळात तो कागदही साधा नसे. त्यालाच दार कापलेलं असे, बाई कागदातून खाली जायची. म्हणजे जो पुरावा म्हणून दाखवला तोच गुन्ह्यात सामील.

मुक्ता_पाटणकर

पॉपकॉर्न घेऊन बसणार होते, पण एक बोलतेच. गायब नेहमी बाईच का होते? कापली जाते बाई, तरंगते बाई, पेटीत कोंबतात बाईला. आणि कोट घालून हात वर करणारा पुरुष. या मूकपटात तर तिच्या जागी हाडं बसवून तो विनोद करतो. पुरुषाच्या मनातलं दिसतंय सगळं.

टोपीतला_ससा

मुक्ताताई, धंद्यातलं उत्तर असं की कमी जागेत मावणारं माणूस लागतं. झान द'आल्सी अंगाने लहानखुरी होती आणि मेलिएसच्या रंगमंचावर आधीपासून या कामात मुरलेली. पेटीत जो असतो त्यालाच खरी मेहनत. बाहेरचा नुसता छडी फिरवतो.

मुक्ता_पाटणकर

हेच तर म्हणतेय. मेहनत तिची, नाव त्याचं.

कात्री

मुक्ता, मेलिएसबद्दल मात्र एक सांगतो. तो स्वतःवर जास्त अत्याचार करत असे. १८९८ च्या एका पटात स्वतःचं डोकं काढून टेबलावर ठेवतो, नवीन उगवतं, तेही काढून ठेवतो. शेवटी टेबलावर तीन डोकी गातायत आणि हा बॅंजो वाजवतोय. डोक्यांचं गाणं सहन होईना म्हणून बॅंजोनेच त्यांतल्या दोघांना हाणतो.

१९०० च्या वाद्यवृंदाच्या पटात सात मेलिएस रांगेत बसलेत, प्रत्येकाच्या हाती वेगळं वाद्य. हे कसं करायचे: मागे गडद पार्श्वभूमी, म्हणजे तेवढा भाग फिल्मवर कोराच राहतो. एक मेलिएस चित्रित करा, फिल्म मागे गुंडाळा, हँडलचे फेरे मोजून नेमक्या त्याच जागी आणा, दुसरा चित्रित करा. सात वेळा. हँडलच्या एका फेऱ्याला आठ फ्रेमा, सेकंदाला साधारण दोन फेरे. सहाव्या मेलिएसने चुकीच्या वेळी मान वळवली किंवा फिल्म फाटली तर पहिल्यापासून. आणि शेजारी कोणीही नसताना शेजारच्याकडे बघून हसायचं, तेही त्याने आधी जिथे मान वळवलीय त्या क्षणी. ससेराव, ही छपाई?

टोपीतला_ससा

ही मेहनत आहे. मेहनतीला दंडवत. जादू म्हणणार नाही.

पाथेवाला

सगळे मेलिएस मेलिएस करतायत म्हणून नाईलाजाने लॉगिन केलं. सेगुंदो द चोमोनचं नाव कोणी घेणार आहे का?

हा स्पेनमधल्या तेरुएलचा, १८७१ चा जन्म. पॅरिसला पाथे या फिल्म कंपनीत आला तो पाथेला स्वतःचा मेलिएस हवा होता म्हणून. त्याचा १९०७ चा जपानी कसरतपटूंचा पट बघा. एक बारकं पोरगं खांद्यावर फळी घेऊन उभं, आणि फळीवर अख्खी टोळी एकमेकांच्या अंगावर चढलेली. पोराच्या चेहऱ्यावर ताण नाही. कारण सगळे जमिनीवर आडवे पडलेत! काळं कापड अंथरलंय, कॅमेरा वर टांगून खाली रोखलाय. नीट पाहिलं तर 'उडी' मारताना ते पाठीवर सरपटतायत हे कळतं, आणि कळल्यावर जास्त मजा येते. जपानी अर्थातच कोणी नाही, सगळे फ्रेंच नट.

निमगावकर म्हणतात ना, 'कॅमेरा एका जागी, समोर रंगमंच'? इथे रंगमंचच उताणा पाडलाय. मेलिएसला हे सुचलं नसतं असं नाही, पण चोमोन मुळात कॅमेऱ्याचा माणूस, मेलिएस मुळात रंगमंचाचा. १९०८ चा विजेवरच्या हॉटेलचा पट तर फ्रेम-फ्रेम थांबवून केलाय. सामान आपोआप कपाटात जातं, बुटांना आपोआप पॉलिश होतं, ब्रश बाईचे केस विंचरतो. ती बाई म्हणजे चोमोनची बायको ज्युलिएन मात्यू.

मुक्ताताईंसाठी खास: १९०७ चा लाल भुताचा पट. गुहेतला राक्षस-जादूगार बायकांना बरण्यांत कोंबून त्या बरण्या थेट कॅमेऱ्यापुढे आणून दाखवतो. पण मध्येच एक तरुणी येते, त्याचे खेळ उधळते आणि शेवटी त्याचाच सांगाडा करते.

मुक्ता_पाटणकर

बघितला आत्ता. फिटलं पांग. पाथेवाला, धन्यवाद!

मोरपीस

वाखूसा (वाचनखूण साठवली).

सुमेधा_क

अवांतर: यातले काही पट रंगीत दिसतात ते नंतर कॉम्प्युटरवर रंगवलेत का?

पाथेवाला

नाही हो, तेव्हाच रंगवलेले. मेलिएसच्या फिल्मी पॅरिसमध्ये एलिझाबेथ त्युइलिए यांच्या कारखान्यात जायच्या. तिथे दोनेकशे बायका कामाला. प्रत्येकीने एकच रंग लावायचा, लावून झाला की फिल्म पुढचीकडे. फ्रेम बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि मेलिएसच्या चंद्रावरच्या सफरीच्या पटात अशा तेरा हजारांवर फ्रेमा. एक प्रत झाली की दुसरी पहिल्यापासून. म्हणून रंगीत प्रती महाग. पाथेने पुढे साचे कापून रंग भरायला सुरुवात केली, त्याने वेग आला.

चंद्रावरच्या सफरीची (१९०२) हाताने रंगवलेली प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनाच्या फिल्म संग्रहालयाकडे मिळाली, तीही एकमेकांना चिकटून दगड झालेली. दुरुस्त करून २०११ मध्ये कान चित्रपट महोत्सवात दाखवली.

आणि मूळ सेट रंगीत नसायचेच. मोंत्रईच्या काचेच्या स्टुडिओत पडदे, खुर्च्या, गालिचे सगळं करड्या छटांत रंगवायचे. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग काळा दिसे. खऱ्या रंगात सेट केला तर पडद्यावर काय उमटेल याचा भरवसा नाही.

आजोबांचा_नातू

फाळक्यांचा विषय निघाला नाही अजून? दादासाहेबही जादूचे प्रयोग करायचे, 'प्रोफेसर केळफा' नावाने. उलटं वाचा. त्या नावाने त्यांनी जादूचा एक पटही काढला. श्रीकृष्णजन्मात (१९१८) कंसाचं डोकं धडावेगळं होऊन वर जातं ते बघा, आणि मग कात्री यांनी वर लिहिलेलं काळ्या पार्श्वभूमीचं परत वाचा.

आणि ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या (सिनेमाच्या यंत्राचे फ्रेंच जनक) माणसाने जे सहा पट दाखवले त्यात भिंत पाडण्याचा एक होता. पॅरिसमध्ये हाच पट उलटा फिरवून पडलेली भिंत परत उभी राहताना दाखवायचे. म्हणजे ज्यांना आपण 'वास्तववादी' म्हणतो त्या ल्युमिएरनाही चाळा सुटला नव्हता.

कांदेपोहे

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडची भिंत तीन ठेकेदारांनी मिळून उभी राहिली नाही. ल्युमिएरना कळवा.

निमगावकर

चर्चा झकास चाललीय, पण माझा कागद राहिला बाजूलाच. कात्री यांनी कष्ट दाखवले, पाथेवाला यांनी दुसराच हिरो आणला. कागदाचं उत्तर कोणी दिलं नाही. (कांदेपोहे सोडून.)

दुर्बीण

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मला वाटतं कागदाचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, फक्त तारीख लक्षात घ्या. १८९६.

ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला पहिला तिकीट लावून केलेला खेळ २८ डिसेंबर १८९५ चा. मेलिएस स्वतः आमंत्रित म्हणून तिथे होता. यंत्रासाठी १०,००० फ्रँक देऊ केले, म्हाताऱ्या ल्युमिएरने, म्हणजे त्या बंधूंच्या वडिलांनी, नाही म्हटलं. मग लंडनहून रॉबर्ट पॉलचा प्रोजेक्टर आणला आणि त्याच्यावरून कॅमेरा बनवून घेतला. हे सगळं एका वर्षाच्या आतलं. म्हणजे बाई गायब झाली तेव्हा समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात 'कॅमेरा थांबवला असेल' ही शक्यताच नाही. पडद्यावर जे दिसतं ते सलग घडलेलं असणार, हे तो धरूनच चाललाय. त्याच्याकडे खुलासा एकच: चोरदार. हा खेळ रंगमंचावर पाहिलेले लोक तर समोर असणारच. काहींना मूळ युक्ती ऐकून ठाऊकही असेल.

मेलिएस तो एकमेव खुलासा कागद अंथरून बंद करतो. रंगमंचावर कागद खोटा होता, सिनेमात तो खरा आहे! तिथे चोरदार खरंच नाही. ससेराव, तुमच्या नियमाने बघा: प्रेक्षकाचा संशय कुठे जाईल ते ओळखून तिथलं दार आधी लावायचं आणि दुसऱ्याच दाराने निसटायचं, यालाच तर तुम्ही जादू म्हणता.

आणि कापड. कट नेमका कुठे आहे बघा. मेलिएसच्या हातात कापड आहे, अंग हालचालीत आहे, आपली नजर त्या हातावर. आधीची पोझ आणि नंतरची पोझ जुळवायला तो मधल्या वेळात पुतळ्यासारखा उभा राहिला असणार. फ्रेम-फ्रेम केलंत तर कापडाच्या घड्या एकदम बदललेल्या दिसतात, पण चालू वेगात पकडून दाखवा. कात्री यांची कात्री आणि ससेरावांची हातचलाखी एकाच जागी काम करतायत.

टोपीतला_ससा

दुर्बीण, संशयाचं दार लावणं हे पटलं. प्रयोगात आम्ही हेच करतो, पत्ते कापायला देतो ते काय उगाच? तरी एक राहतंच. तुम्ही सांगता ती जादू १८९६ च्या प्रेक्षकासाठी. दहा वर्षांनी कोपऱ्यावरच्या पोराला कट माहीत झाला असेल, मग कागद काय कामाचा? युक्ती फुटल्यावर जादूगार नवी शोधतो.

दुर्बीण

म्हणूनच त्याने शोधल्या. रबरी डोक्याचा पट (१९०१) घ्या. टेबलावर मेलिएसचं डोकं, दुसरा मेलिएस भात्याने त्यात हवा भरतो, डोकं फुगत जातं, शेवटी फुटतं. इथे नुसता कट कामाचा नाही. तो एका गाडीवर बसलाय, गाडी काळ्या पार्श्वभूमीपुढे कॅमेऱ्याकडे ओढतात, म्हणून डोकं मोठं दिसतं. गाडी सपाट जमिनीवरून आणली असती तर जवळ येताना मान चौकटीत खाली खाली सरकली असती आणि डोकं टेबलात बुडाल्यासारखं दिसलं असतं. म्हणून उतारावरून वर चढवत आणली. मान टेबलावरून हलत नाही. हा हिशेब रंगमंचावर कधीच लागला नसता, तो फक्त भिंगासमोर लागतो.

निमगावकर, त्या पहिल्या पटातही सांगाडा आहेच. द कोल्ताच्या खेळात बाई जायची आणि परत यायची. रिकाम्या खुर्चीत, कापडसुद्धा न घालता, उघड्यावर सांगाडा आणणं चोरदाराला जमणारं नाही. तेवढ्यापुरता तो रंगमंच सोडून गेलाय.

निमगावकर

सांगाड्याचा मुद्दा जोरदार आहे. 'सिनेमा करतच नव्हता' हे वाक्य त्याच्यापुढे टिकत नाही. 'जनक' मात्र अजून गळी उतरत नाही. पाथेवाला यांचा आडवा रंगमंच पाहिल्यापासून तर नाहीच.

पाथेवाला

आमच्या कंपूत स्वागत.

मोरपीस

शेवट काय झाला त्याचा?

कात्री

वाईट, मग थोडा बरा. लोकांना गोष्टी हव्या झाल्या, पाथे-गोमोंसारख्या मोठ्या कारखान्यांपुढे एकट्याचं दुकान चालेना. १९१२ नंतर पट नाहीत. थिएटर रस्तारुंदीत गेलं. १९२३ मध्ये मोंत्रई सोडताना त्याने स्वतःच निगेटिव्हज जाळल्या. पुढे मोंपार्नास स्टेशनात खेळण्यांच्या दुकानात बसायचा, झान द'आल्सीबरोबर. हीच ती खुर्चीतली बाई, १९२५ मध्ये लग्न केलं दोघांनी. १९२९ मध्ये त्याच्या पटांचा मोठा सोहळा झाला, १९३१ मध्ये सरकारने सन्मानपदक दिलं. १९३८ ला गेला. पाचशेच्या वर पट काढले, त्यांतले दोनेकशे सापडलेत.

त्यातही गंमत. अमेरिकेत त्याच्या पटांच्या चोरून प्रती निघायच्या, म्हणून १९०३ पासून दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावून दोन निगेटिव्हज काढायचा, एक पॅरिसला, एक न्यूयॉर्कला. आता ज्या पटांच्या दोन्ही सापडल्यात त्या एकत्र लावल्या की आपोआप थ्रीडी दिसतं. त्याच्या ध्यानीमनी नसताना.

सुमेधा_क

भाच्यांना दाखवायचंय. कुठून सुरुवात करू? आणि नेटवर काही प्रती फार भरभर पळतात, त्या मुळातच तशा आहेत का?

कात्री

नाही. सेकंदाला साधारण सोळा फ्रेमांनी काढलेली फिल्म चोवीसने चालवली की माणसं धावतात. प्लेअरमध्ये वेग पाऊणपट करा. रबरी डोक्यापासून सुरुवात करा, चंद्र नंतर.

दुर्बीण

आणि १९०३ चा संगीतवेड्याचा चुकवू नका. मेलिएस तारायंत्राच्या पाच तारांवर स्वतःची डोकी फेकतो, ती सुरांसारखी लटकतात. सूर खरे आहेत, वाजवता येतात.

सुमेधा_क

पेटीवर वाजवून पाहिले. हे तर इंग्लंडचं राष्ट्रगीत आहे! फ्रेंच माणसाने?

दुर्बीण

त्याच वर्षी मे महिन्यात सातवा एडवर्ड पॅरिसला येऊन गेला होता. शिवाय पट इंग्लंडातही विकायचे होते.

कांदेपोहे

एवढी डोकी असूनही धंदा बुडाला. आमच्याकडे एकच आहे, तेही बायको म्हणते रिकामं.